वर्दी एकाकडे, कागद दुसऱ्याकडे

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्पेशल फोर्सेसच्या एखाद्या ऑफिसरचं सामान विक्रीला आलं की वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते हे म्युझियममध्येच गेलं पाहिजे, खाजगी माणसाच्या कपाटात याचं काय काम, आणि दुसरी बाजू म्हणते आम्ही कलेक्टर लोकांनी सांभाळलं नसतं तर यातलं निम्मं कधीच कचऱ्यात गेलं असतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण मला यात एक गोष्ट कायम खटकते, ती ही की सामान कुणाकडे जातंय यावर सगळे हिरीरीने भांडतात आणि ते एकत्र जातंय की तुकडे होऊन जातंय याकडे फार कमी लोक बघतात. माझं मत असं आहे की एका माणसाचा संच फोडणं ही नासधूस आहे, कसर लागण्याइतकी किंवा आग लागण्याइतकीच खरी, आणि ती थांबवायची जबाबदारी विकणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही आहे. संच अख्खा राहिला आणि त्याची नोंद झाली तर तो खाजगी माणसाकडे आहे की सरकारी इमारतीत आहे याने मला तितकासा फरक पडत नाही.

आधी हे फुटतं कसं ते बघू. ऑफिसर जातो, मग काही वर्षांनी त्याची बायको जाते, मुलं घर रिकामं करायला काढतात आणि पोटमाळ्यावर एक ट्रंक निघते. त्यात बॅटलड्रेस ब्लाउज, म्हणजे लढाईच्या वर्दीचं आखूड जाकीट, एखादी बेरे टोपी, पदकं, खंजीर, रेशमी नकाशा, पत्रांचा गठ्ठा, फोटो, एक-दोन वह्या. हे सगळं डीलरकडे जातं आणि तिथे त्याच्या वाटण्या होतात, कारण या प्रत्येक वस्तूचं गिऱ्हाईक वेगळं आहे. पदकवाले वेगळे, बॅजवाले वेगळे, खंजीर जमवणारे वेगळे, त्यांना फेअरबेअर्न-साइक्स या कमांडो खंजिराचा वळणदार क्रॉसगार्डवाला पहिला पॅटर्न पाहिजे असतो, बाकीचं काही नको. रेशमी नकाशे आणि बटणात लपवलेली होकायंत्रं जमवणारा एक गट आहे, त्यांना एमआय 9 या खात्याने कैदेतून निसटण्यासाठी बनवलेल्या वस्तूंमध्ये रस असतो. पत्रांची पाकिटं टपाल इतिहासवाले घेतात, त्यांना फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि सेन्सॉरची खूण हवी असते, आतलं पत्र मिळालं तर ठीक, नाही मिळालं तरी चालतं. सुटं विकलं की एकूण पैसे जास्त येतात हे डीलरला पक्कं ठाऊक असतं. आणि यात कुणी कायदा मोडत नाही, कुणी खोटंही बोलत नाही, प्रत्येक जण आपल्या आवडीची वस्तू चांगली जपतो सुद्धा. तरी शेवटी एक माणूस नाहीसा होतो, आणि सहा कपाटांत सहा छान वस्तू राहतात ज्यांच्याबद्दल आता कुणालाच काही सांगता येत नाही.

साध्या इन्फन्ट्री रेजिमेंटच्या बाबतीतही हे वाईटच, पण स्पेशल फोर्सेसच्या बाबतीत जास्त वाईट, आणि याला कारणं आहेत.

पहिलं कारण पदकांचं. ज्यांनी या विषयात हात घातलेला नाही त्यांना हे आश्चर्याचं वाटेल, पण दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश मोहीम-पदकं, म्हणजे आफ्रिका स्टार, इटली स्टार, डिफेन्स मेडल, वॉर मेडल वगैरे, ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिली गेली. पहिल्या महायुद्धात सैनिकाचं नाव आणि नंबर पदकाच्या कडेवर असायचा, दुसऱ्यात ब्रिटनने ते बंद केलं (भारतीय, ऑस्ट्रेलियन, दक्षिण आफ्रिकन सैनिकांच्या पदकांवर मात्र नावं आहेत). बरं, शौर्यपदकांचं तरी काय? ऑफिसरला मिळणारा मिलिटरी क्रॉस किंवा डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) घ्या, त्यावर अधिकृतपणे फक्त वर्ष कोरलेलं असतं, नाव नाही. शिपायांना मिळणाऱ्या मिलिटरी मेडलवर नाव असायचं, ऑफिसरच्या क्रॉसवर नाही. म्हणजे 1944 साल कोरलेला एक मिलिटरी क्रॉस आणि चार स्टार हे कुणाचेही असू शकतात. ते अमक्या कॅप्टनचे आहेत हे सांगणारी एकच गोष्ट असते, सोबतची कागदपत्रं. राजाच्या सहीचं पत्र, पदकाच्या खोक्यावरचा पत्ता, पे-बुकासारखं ऑफिसरचं रेकॉर्ड ऑफ सर्व्हिस, लंडन गॅझेट या सरकारी राजपत्राचं कात्रण. कागद एका लॉटमध्ये आणि पदकं दुसऱ्या लॉटमध्ये गेली की त्या पदकांची ओळख त्या दिवशी संपली, नंतर कितीही शोधा, ती परत जोडता येत नाही. आणि उलटही होतं, नुसते कागद विकत घेऊन त्याला बाजारातली दुसरीच पदकं जोडून "पूर्ण ग्रुप" तयार करता येतो, कारण नाव नसलेली दोन पदकं वेगळी कशी ओळखणार.

दुसरं कारण, या युनिट्स फार लहान होत्या आणि त्यांच्या खुणा भराभर बदलत गेल्या. डेव्हिड स्टर्लिंगने जुलै 1941 मध्ये इजिप्तमध्ये एसएएसची, म्हणजे शत्रूच्या मागे जाऊन छापे घालणाऱ्या स्पेशल एअर सर्व्हिसची सुरुवात केली तेव्हा ती एल डिटॅचमेंट म्हणून जेमतेम साठ-सत्तर माणसांची तुकडी होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या पहिल्याच पॅराशूट मोहिमेतून निम्म्याहून कमी लोक परत आले. टोपी आधी पांढरी होती, तिची इतर सैनिकांनी फार थट्टा केली म्हणून ती वाळूच्या रंगाची झाली, मग 1944 मध्ये एसएएस एअरबोर्न फौजांच्या छत्राखाली आल्यावर मरून टोपीचा हुकूम आला आणि पॅडी मेनसारखे जुने लोक तरीही वाळूच्या रंगाचीच घालत राहिले. पॅराशूटचे पंख, म्हणजे वर्दीवर शिवायचा पंखांचा बॅज, एसएएसच्याच जॉक लुईसने डिझाइन केले, त्यातला गडद आणि फिका निळा रंग ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचा असं सांगतात. हे पंख ट्रेनिंग पूर्ण झालं की खांद्यावर लागायचे, आणि मोहिमेत विशेष कामगिरी केली असेल तर डाव्या छातीवर. आता विचार करा, एखाद्या ब्लाउजवर छातीवर पंख शिवलेले आहेत की खांद्यावर, यावरून तो माणूस वाळवंटातल्या जुन्या लोकांपैकी होता की नंतर आलेला, हे कळण्याची शक्यता आहे. पण ते केव्हा कळेल, तर तो ब्लाउज, त्या माणसाचा त्याच काळातला फोटो, आणि त्याची पत्रं एकाच ठिकाणी असतील तेव्हा. फोटो वेगळा गेला की छातीवरचे पंख 1942 मध्ये शिवलेत की चाळीस वर्षांनी कुणीतरी शिवलेत हा प्रश्न कायमचा लोंबकळत राहतो.

आणि इथेच नकली मालाचा विषय येतो, ज्यावर मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते संच फोडण्याची सवय आणि नकली मालाचा धंदा हे एकमेकांना पोसतात. साधा 1940 पॅटर्नचा बॅटलड्रेस आजही फार दुर्मिळ नाही. त्यावर एसएएसचे पंख आणि खांद्यावरची पट्टी लावली की त्याची किंमत कितीतरी पटीने वाढते. त्यामुळे अस्सल ब्लाउज आणि नकली बॅज हे कॉम्बिनेशन सगळ्यात जास्त दिसतं, पूर्ण नकली वर्दीपेक्षा खूपच जास्त. लोक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन तपासतात, नवीन पॉलिस्टरचा दोरा त्या प्रकाशात चमकतो आणि जुना सुती दोरा सहसा चमकत नाही, पण नुसत्या टॉर्चवर विसंबणारा माणूस फसतो, कारण युद्धानंतर आलेल्या धुण्याच्या पावडरींमध्ये ब्राइटनर असतात आणि घरात बायकोने एकदा धुतलेली अस्सल वर्दी सुद्धा चमकू शकते. उलट जुना दोरा शोधून त्याने नकली बॅज शिवणारे लोक आहेतच. टाक्यांची भोकं, बॅजच्या खालच्या कापडाचा न उडालेला रंग, आधीच्या बॅजची सावली, हे बघावं लागतं आणि तरीही खात्री होत नाही. खात्री कशाने होते? ऑफिसर लोक आपली सर्व्हिस ड्रेस, म्हणजे रोजची औपचारिक वर्दी, स्वतःच्या पैशाने शिंप्याकडून शिवून घ्यायचे, आणि शिंपी आतल्या खिशात लेबल लावून त्यावर शाईने नाव आणि तारीख लिहायचा. ते नाव ट्रंकेतल्या कागदांवरच्या नावाशी जुळलं, फोटोतल्या वर्दीशी बटणं आणि रिबनचा क्रम जुळला, घरच्यांनी सांगितलेली हकीकत वॉर डायरीशी, म्हणजे युनिटच्या रोजच्या नोंदवहीशी जुळली, तर मग नकली मालवाल्याला तिथे शिरायला जागाच उरत नाही. अख्खा संच हीच सगळ्यात पक्की तपासणी आहे. जितकं सुटं तितकं बनवायला सोपं.

यातच आणखी एक प्रकार आहे ज्याला लोक अगदी निरागसपणे "रिस्टोर" करणं म्हणतात. ट्रंकेतून निघालेल्या ब्लाउजवर बॅज नसतो, तो ऑफिसरने स्वतःच काढलेला असतो, कदाचित ऑक्टोबर 1945 मध्ये एसएएस बरखास्त झाली आणि तो आपल्या मूळ रेजिमेंटमध्ये परत गेला तेव्हा. नवा मालक म्हणतो, जागा तर दिसतेच आहे, माझ्याकडे अस्सल बॅज आहे, तो लावून टाकू, म्हणजे होता तसा दिसेल. नाही, तो होता तसा दिसणार नाही! त्या माणसाने युनिट संपल्यावर बॅज काढला ही त्याच्या आयुष्यातली घटना आहे आणि रिकामी जागा हा तिचा पुरावा आहे, तुम्ही चांगल्या भावनेने तो पुरावा पुसताय. असंच धुण्याचं आणि वेबिंगवर, म्हणजे कापडी पट्ट्यांवर, नवीन ब्लॅन्कोचा रंग चढवण्याचं. वाळवंटातली धूळ शिवणीत बसलेली असेल तर ती बसू द्या. कसर लागू नये, ऊन लागू नये, तारेच्या हँगरवर टांगू नये, अ‍ॅसिड नसलेल्या कागदात सपाट ठेवावं, एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते सरकारी दफ्तराशी संबंधित आहे. लोक म्हणतात, अहो ट्रंकेतले कागद गेले तर गेले, लंडनला क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्ज आहे ना, तिथे सगळं आहे. नाहीये सगळं. एसओई, म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या देशांत हेर आणि घातपाती पाठवणारी संघटना, जुलै 1940 मध्ये उभी राहिली आणि जानेवारी 1946 मध्ये बंद झाली, आणि बंद होण्याच्या सुमाराला बेकर स्ट्रीटच्या ऑफिसात आग लागून काही फायली गेल्या, मग नंतरच्या वर्षांत जागा कमी म्हणून, अनावश्यक म्हणून, आणखी मोठा भाग काढून टाकला गेला. उरलेलं फार उशिरा, 1990 च्या दशकापासून लोकांसाठी खुलं होत गेलं. नूर इनायत खानची पर्सनल फाइल आज तिथे वाचता येते, फ्रान्समध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलेली ती पहिली स्त्री, सप्टेंबर 1944 मध्ये डाखाऊच्या नाझी छळछावणीत तिला मारलं. ती फाइल आहे म्हणून तिच्याबद्दल इतकं लिहिलं गेलं. ज्यांच्या फायली उरल्या नाहीत किंवा उरल्यात पण दोन पानांच्या आहेत अशा माणसांचं काय? त्यांच्याबद्दल जे आहे ते त्यांच्या घरच्या ट्रंकेत आहे.

शिवाय एसओईच्या ऑफिसरच्या वर्दीवर काही लिहिलेलंच नसतं. यातल्या बऱ्याच जणांना जनरल लिस्टवर कमिशन दिलं गेलं, म्हणजे कुठल्याही रेजिमेंटचा नाही असा ऑफिसर, टोपीवर फक्त राजचिन्ह. बऱ्याच बायकांना नर्सिंग योमनरीची, म्हणजे फॅनीची वर्दी असायची. मुद्दामच तसं होतं, वर्दीने काही सांगू नये म्हणून. त्यामुळे आज अशी जनरल लिस्टची सर्व्हिस ड्रेस सुटी विक्रीला आली तर ती कवडीमोल जाते आणि नाटकवाले सुद्धा ती घेऊन जातात, कारण बघणाऱ्याला ती कुठल्यातरी स्टोअर्समधल्या कारकुनाची वाटते. तिच्याबरोबर जो कागदांचा गठ्ठा होता, ज्यात कदाचित खोट्या नावाचं फ्रेंच ओळखपत्र होतं, तो आधीच चांगल्या भावाने दुसरीकडे गेलेला असतो. या एका उदाहरणावरून तरी पटावं की संच फोडल्यावर तुकड्यांची बेरीज मूळ संचाइतकी होत नाही, पैशात होत असेल, माहितीत अजिबात होत नाही.

आता जरा कठीण भागाकडे. 18 ऑक्टोबर 1942 ला हिटलरने कमांडो ऑर्डर काढली, पकडलेले कमांडो वर्दीत असले तरी त्यांना ठार मारायचं. 1944 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये उतरलेल्या एसएएसच्या माणसांना याची पूर्ण किंमत मोजावी लागली. पॉइतियेच्या बाजूला ऑपरेशन बुलबास्केटमधल्या तीसच्या आसपास माणसांना जुलैमध्ये जंगलात नेऊन गोळ्या घातल्या, वोझ डोंगरात ऑपरेशन लॉयटनमध्ये पकडलेल्या साधारण तितक्याच माणसांना वेगवेगळ्या ठिकाणी मारलं. मेजर बिल बार्कवर्थ आणि त्याची छोटी टीम या लोकांचा शोध घेत जर्मनीत फिरली, एसएएस कागदोपत्री बरखास्त झाल्यावरसुद्धा ते 1948 पर्यंत एसएएसचे बॅज लावून काम करत राहिले, खड्ड्यांतून मृतदेह काढून कोण कोण आहे ते शोधत राहिले. हे काम कपड्यांवरून, ओळखपट्ट्यांवरून, खिशातल्या किरकोळ वस्तूंवरून होतं. म्हणजे ज्याला आपण आज "पर्सनल इफेक्ट्स" म्हणून लॉट नंबर देतो ते एकेकाळी अक्षरशः खुनाच्या खटल्यातले पुरावे होते.

आणि मोहिमेवर जाण्याआधी मागे ठेवलेलं सामान, त्याचीही एक पद्धत होती. ब्रिटिश फौजेत ऑफिसर मेला की कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट नेमली जायची, त्याचे सहकारी ऑफिसर बसून त्याच्या सामानाची यादी करायचे, सरकारी वस्तू स्टोअरला परत, मेसचं देणं चुकतं, आणि खाजगी वस्तू घरच्यांना. म्हणजे त्या माणसाच्या मित्रांनी, तो गेल्यावर काही दिवसांत, एकेक मोजा आणि एकेक पत्र मोजून, लिहून, बांधून पाठवलं. त्या यादीचा कागद काही संचांबरोबर अजून असतो. ज्या संचाबरोबर अशी यादी आहे तो संच फोडून विकणाऱ्याला मी तोंडावर सांगेन की तुम्ही चूक करताय, कारण त्या मित्रांनी जे एकत्र बांधलं ते तुम्ही चार पैसे जास्त येतात म्हणून सोडताय. अशा मारल्या गेलेल्या माणसांच्या बाबतीत माझं मत आणखी कडक आहे. आधी कुटुंबातल्या बाकीच्यांना विचारा, मग म्युझियमला विचारा, दोघंही नाही म्हणाले तर मग विका, आणि विकताना एकाच लॉटमध्ये.

म्युझियमवाल्यांची बाजू मी वर म्हटलं तशी मला पटते, पण अर्धवट. म्युझियम म्हणजे कायमचं ठिकाण हा समज बरोबर नाही. व्हायोलेट साबो, एसओईची एजंट, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत मारली गेली, तिचं जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक 2015 मध्ये लिलावात 2 लाख 60 हजार पौंडांना गेलं, घेतलं लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्टने, म्हणजे एका खाजगी कलेक्टरने, आणि त्याच कलेक्टरच्या नावाच्या गॅलरीत ते इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये लोकांना बघायला मिळालं. म्हणजे खाजगी मालकी आणि लोकांना दिसणं या दोन्ही गोष्टी एकदम शक्य आहेत. पण तीच गॅलरी, 2010 मध्ये सुरू झालेली, 2025 मध्ये बंद झाली. जनतेच्या म्युझियममध्ये आहे म्हणून निश्चिंत राहावं असं काही नसतं, आणि कुठल्याही मोठ्या म्युझियममध्ये जे मांडलेलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त गोदामात असतं. गोदामात असणं वाईट नाही, संशोधकाला अर्ज करून बघता येतं. पण घरच्यांना जर वाटत असेल की बाबांची वर्दी काचेत उभी राहील तर त्यांना आधीच खरं सांगायला पाहिजे. आणि म्युझियमही फोडतात बरं का, वर्दी टेक्सटाइल विभागात, पत्रं डॉक्युमेंट्समध्ये, फोटो फोटो विभागात. तिथे निदान नोंदवहीत एक धागा राहतो हा मोठा फरक आहे, आणि मी कलेक्टरांकडून तोच धागा मागतोय.

कायद्याने काही करता येईल का? अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक विकणं गुन्हा आहे, ब्रिटनमध्ये तितकाच मोठा व्हिक्टोरिया क्रॉस सुद्धा खुशाल विकता येतो. मला ब्रिटनची पद्धत जास्त बरी वाटते, कारण विक्रीवर बंदी घातली की वस्तू अंधारात जातात आणि त्यांचा इतिहास लपवावा लागतो. बाहेर देशात न्यायची तर ब्रिटनमध्ये एक्स्पोर्ट लायसन्सची अट आहे, टी. ई. लॉरेन्सचा, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चा खंजीर आणि झगा 2016 मध्ये असाच थांबवला आणि खंजीर पुढे नॅशनल आर्मी म्युझियमकडे गेला. पण हा कायदा फार मोठ्या नावांच्या, फार महागड्या वस्तूंसाठीच खऱ्या अर्थाने कामाला येतो. एसएएसच्या दुसऱ्या रेजिमेंटमधल्या कुणा अनोळखी लेफ्टनंटच्या ट्रंकेसाठी कुठला मंत्री सही करायला बसणार आहे? आणि देशाबाहेर जाणं हे माझ्या लेखी देशातल्या देशात सहा तुकडे होण्यापेक्षा कमी नुकसानीचं आहे. अख्खा संच बेल्जियममधल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या जपणाऱ्या माणसाकडे गेला तर जाऊ दे.

पत्रांबद्दल थोडं वेगळं बोलायला पाहिजे. ऑफिसर लोकांना आपली पत्रं स्वतःच सेन्सॉर करायची मुभा होती, पाकिटावर सही करून इमानावर. त्यामुळे शिपायांच्या पत्रांपेक्षा त्यांत कधीकधी जास्त मोकळेपणा असतो, बायकोशी भांडण, पैशाची ओढाताण, मेलेल्या सोबत्याबद्दल असं काही जे त्याच्या आईवडिलांना कधीच कळलं नाही. कलेक्टरने पत्र विकत घेतलं म्हणजे कागद विकत घेतला, मजकुराचा हक्क घेतला नाही. ब्रिटिश कायद्यात अशा जुन्या अप्रकाशित पत्रांचा कॉपीराइट बऱ्याच केसेसमध्ये 2039 च्या अखेरपर्यंत वारसांकडे आहे, आणि मला वाटतं ही कायद्याची बाब कमी आणि रीतीची जास्त आहे. पत्र वाचा, जपा, संशोधकाला दाखवा, पण सगळीकडे फोटो टाकण्याआधी घरच्यांना एकदा विचारा. काही लोक या अडचणीवर उपाय म्हणून पत्रं घेतच नाहीत, नुसती वर्दी आणि पदकं घेतात. हा उपाय वाईट आहे, कारण मग ती पत्रं कुठेतरी टपाल तिकिटांच्या डब्यात जाऊन पडतात.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाहीये. विधवेला किंवा मुलांना पैशाची गरज असते, अख्खा संच घेणारं एक गिऱ्हाईक मिळत नाही, सुटं विकलं तर दुप्पट येतात, मग त्यांनी नुकसान का सोसावं? त्यांनी सोसावं असं मी म्हणतच नाही. पण ऑक्शन हाऊसला हे करता येतं की संच आधी एकत्र पुकारायचा, आणि अपेक्षित रकमेला कुणी हात वर केला नाही तरच सुटे लॉट काढायचे. दोन-तीन कलेक्टर मिळून एक संच घेऊ शकतात, मालकी वाटून, वस्तू एकाच्याच घरी. आणि अगदी फोडायचंच ठरलं तर फोडण्याआधी सगळ्या सामानाचा एकत्र फोटो, खिशातल्या लेबलपासून पाकिटावरच्या शिक्क्यापर्यंत प्रत्येक वस्तूचा जवळून फोटो, आणि एक पूर्ण यादी, ही प्रत्येक तुकड्याबरोबर छापून द्यायची आणि एक प्रत रेजिमेंटच्या म्युझियमला पाठवायची. याला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाचे सुमारे 97 लाख सर्व्हिस रेकॉर्ड 2022 पासून टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्ह्जकडे जात आहेत, म्हणजे येत्या काळात ट्रंकेतलं नाव सरकारी कागदाशी जुळवून बघणं पूर्वीपेक्षा खूप सोपं होणार आहे, आणि तेव्हा जुळवायला ट्रंकेतलं काहीतरी एकत्र उरलेलं असायला पाहिजे. घेणाऱ्यांनीही एक करावं, सुटा ब्लाउज समोर आला की पहिला प्रश्न किमतीचा न विचारता बाकीचं कुठे गेलं हा विचारावा, आणि डीलरकडे उत्तर नसेल तर किंवा त्याला ते द्यायचं नसेल तर पैसे खिशात ठेवून निघून यावं.